कावळ्याच्या संमतीवर हरकत

दिनांक : १२ जून २०२६
मुक्काम : काष्टी, ता. श्रीगोंदा

प्रति,
मा. अध्यक्ष,
बालकार्यक्रम तक्रार निवारण समिती,
अहिल्यानगर.

अर्जदार : पंकजा राधाकृष्ण नलगे, ग्रंथपाल, रा. श्रीरामपूर.

विषय : 'पुस्तकाची ओसरी' या मुलांच्या कार्यक्रमात माझ्या दिवंगत वडिलांचा यंत्राने तयार केलेला आवाज वापरण्यास कावळ्याने दिलेली संमती अमान्य करून हा वापर थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) माझा जानेवारीतील तक्रार अर्ज. २) एप्रिलमध्ये आपल्या दालनात झालेली सुनावणी. ३) आपले मे महिन्यातील निर्णयपत्र.

महोदय,

१. माझे वडील राधाकृष्ण नलगे हे प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी 'पाटीपेन्सिल' या वाहिनीवर 'पुस्तकाची ओसरी' हा कार्यक्रम केला. मोठ्यांसाठी लिहिलेली जुनी, नावाजलेली पुस्तके लहान मुलांना वाचून दाखवायची, एवढेच त्याचे स्वरूप होते. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये त्याचे चित्रीकरण होई. शेजारी पत्रा कापण्याचा कारखाना आहे. त्याची यंत्रे जेवणाच्या सुट्टीत थांबत, तेवढ्या वेळात वडील वाचून घेत आणि स्वतः मागाहून जेवत. एक स्टूल, हातात पुस्तक आणि मागे कोरी भिंत. नाच, बाहुल्या, टाळ्या यांपैकी काही नसे. समितीतील काही सदस्यांची मुले हा कार्यक्रम पाहत मोठी झाली, असे सुनावणीत समजले, म्हणून अधिक वर्णन करत नाही.

२. त्यांची कामाची पद्धत मात्र नमूद करणे आवश्यक आहे. प्रत्येक पुस्तक ते आधी माझी आई मनकर्णा हिला वाचून दाखवत. आई गहू निवडत ऐके. तिचा हात जिथे थांबे, तो भाग कार्यक्रमात जाई. ती दूध बघायला उठली की तो मजकूर गाळायचा म्हणून ते पेन्सिलीने कंस करत. शेवट मात्र त्यांनी कधी गाळला नाही, मऊही केला नाही. इतके दुःखाचे मुलांना कशाला, असे वाहिनीचे निर्माते श्री. आदिनाथ वाकळे यांनी त्यांना अनेकदा विचारले. त्यावर वडील म्हणत, "ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं शिकवलीत मी. मरण त्यांनी बघितलेलं असतं. ते पुस्तकात पण असतं, एवढंच त्यांना नवीन असतं."

३. गेल्या वर्षी उन्हाळ्यात श्वास पुरेनासा झाला, तेव्हा वडिलांनी कार्यक्रम थांबवला. त्यानंतर श्री. वाकळे पपई आणि शहाळी घेऊन काष्टीला आमच्या घरी आले. जुने भाग ऐकवून यंत्राला गुरुजींचा आवाज शिकवता येईल, मग गुरुजींनी घरी विश्रांती घ्यावी आणि यंत्राने वाचावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. वडिलांनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाले, "वाकळे, वाचणाऱ्याला आधी स्वतःला वाईट वाटावं लागतं. तुमच्या मशीनला ते जमलं की या." श्री. वाकळे हसले, चहा घेतला आणि गेले. हा नकार मी, आई आणि माझे चुलते श्री. रामहरी नलगे यांच्यासमक्ष झाला. आपण तो लेखी मागितला आहे. घरी आलेल्या पाहुण्याला नकार लिहून देण्याची आमच्याकडे रीत नाही.

४. श्रावणात वडील वारले. दशक्रिया विधी नदीच्या घाटावर झाला. प्रवचन झाले, श्रद्धांजलीची भाषणे झाली, पिंड मांडले गेले. कावळा समोरच्या बाभळीवर बसून होता, पण उतरेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर मागे राहिलेल्यांनी शब्द द्यायचा आणि तो पटला की कावळा शिवतो, ही रीत आपणांस माहीत आहे. चुलत्यांनी वहिनीला अंतर देणार नाही असा शब्द दिला. मी त्यांची पुस्तके सांभाळण्याचा दिला. मामांनी, भाच्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी आपापले शब्द दिले. कावळा मान वाकडी करून सगळ्यांचे ऐकत राहिला. ऊन वाढले. आमच्या शेजारच्या झुंबरबाई बायकांत म्हणाल्या, "मास्तरांनी जलमभर पोरांना जागेवर बसवून ठिवलं, आता कावळ्याला बसवलंय." त्या दिवसांत आई तेव्हा पहिल्यांदा हसली.

५. श्री. वाकळे गर्दीत होते आणि त्यांचा कॅमेरावालाही होता. चुलत्यांची नजर त्यांच्यावर गेली. चुलते माईकवरून म्हणाले, "वाकळे सायेब, आमच्या दादाचा जीव तुमच्या टीव्हीत गुतलाय. तुमी शब्द द्या, म्हंजी त्ये सुटत्याल." श्री. वाकळे बूट काढून पुढे आले, हात जोडले आणि माईक घेऊन म्हणाले, "गुरुजी, तुमचा कार्यक्रम मी बंद पडू देणार नाही." कावळा उतरला आणि शिवला. लोकांनी हात जोडले. आई रडली. मग सगळे जेवायला उठले.

६. मी या रीतीची चेष्टा करत नाही. त्या क्षणी मलाही हायसे वाटले. कुणीतरी दुसरा माणूस त्या स्टुलावर बसेल, वडिलांनी निवडलेली पुस्तके वाचेल, असेच आम्ही सर्व समजलो. त्या घाटावर दिलेल्या शब्दाचा आणखी काही अर्थ निघू शकतो, हे कुणाच्या मनात आले नाही.

७. दिवाळीत कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. स्टुलावर चष्मा आणि टोपी ठेवलेली होती आणि वडिलांचा आवाज येत होता. वाहिनीने पहिली गोष्ट वडिलांनी पूर्वी वाचलेलीच निवडली होती. दुष्काळात गाव सोडून निघालेला तांडा. चालवत नाही म्हणून एक म्हातारी वाटेत झाडाखाली बसते आणि 'तुम्ही पुढे व्हा, मी येते' म्हणते. ती येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. पुढच्या मुक्कामी तिचा मुलगा तिच्याही वाट्याचे पाणी भरून ठेवतो. पुस्तक तिथे संपते. वडिलांनी ते वाचले तेव्हा शेवटच्या वाक्यानंतर ते पुस्तक मिटून नुसते बसून राहिले होते. ती शांतता कापू या असे श्री. वाकळे म्हणाले, पण वडिलांनी कापू दिली नव्हती.

८. नव्या भागात म्हातारी मुक्कामी पोहोचते. धावत पोहोचते, कारण तिच्या पदराला क्रीमची बिस्किटे बांधलेली असतात. पुड्याचे चित्र पडदाभर दिसते आणि माझ्या वडिलांचा आवाज म्हणतो, "बघा मुलांनो, आजी कशी टुणटुणीत!" त्यानंतर तो आवाज हसतो. वडील वाचताना कधी हसले नाहीत. हे हसू त्यांच्या एका जुन्या भाषणातून घेतलेले आहे, हे मी ओळखले, कारण त्या भाषणाला मी हजर होते. मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुतले.

९. त्यानंतरच्या भागांत एकाही पुस्तकात कुणी मेलेले नाही. फासावर गेलेला इमानी सेवक सुटतो. बुडालेली होडी वर येते. मुलीला विकणारा बाप ऐनवेळी तिला सहलीला नेतो. मधल्या वेळेत तोच आवाज शिकवणीच्या अ‍ॅपची जाहिरात करतो, वाढदिवसांच्या शुभेच्छा देतो आणि पालकांनी फोन केल्यास दात घासण्याविषयी मुलांना दटावतो. जुन्या साहित्याची ओळख मुलांना होत आहे, असे आपल्या निर्णयपत्रात म्हटले आहे. मी ग्रंथालयात काम करते. हा कार्यक्रम पाहून मुले ती पुस्तके मागायला येतात, शेवटचे पान आधी उघडतात आणि पुस्तक चुकीचे छापले आहे असे सांगून परत देतात.

१०. यापुढचा मुद्दा जानेवारीच्या अर्जात नव्हता. आईची परवानगी नव्हती, म्हणून मी तो लिहिला नव्हता. आता तिनेच लिहायला सांगितले आहे. वाहिनीने 'गुरुजींशी बोला' ही फोनसेवा सुरू केली. चुलत्यांनी तो नंबर आईच्या मोबाईलमध्ये घालून दिला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वहिनीला करमेल, असे त्यांना वाटले. आईने फोन लावला. पलीकडून वडिलांचा आवाज आला, "शाब्बास बाळा! तुझं नाव काय?" आईने नाव सांगितले. "छान नाव आहे हं! आणि तुझ्या घरी गोष्टी कोण सांगतं?" महोदय, माझ्या आईने आयुष्यात कधी नवऱ्याचे नाव घेतलेले नाही. ती गप्प राहिली. त्यावर तो आवाज म्हणाला, "बाळा, लाजू नकोस." तिने फोन उशीखाली ठेवला. आवाज बोलतच राहिला असावा. दुसऱ्या दिवशी मी घरी पोहोचले तेव्हा ती मला एवढेच म्हणाली, "ते न्हाईत, हे मला कळतंय. पण आवाज त्यांचा हाय. मी रागवू कुनाला?"

११. एप्रिलमधील सुनावणीला मी सकाळच्या एसटीने आले होते. आपल्या दालनात श्री. वाकळे, चुलते आणि मी यांच्याखेरीज एका खुर्चीवर काळा स्पीकर ठेवलेला होता. हजेरीपत्रकात त्यापुढे 'श्री. राधाकृष्ण नलगे (ध्वनिरूपे उपस्थित)' असे लिहिले होते. स्पीकरमधून वडिलांचा आवाज येताच आपण आणि सर्व सदस्य उठून उभे राहिलात. "बसा, बसा," असे तो म्हणाल्यावर बसलात. आपण त्यास विचारले, "गुरुजी, आपली काही हरकत?" उत्तर आले, "मला मुलांमध्ये राहायला खूप आवडतं." हे टिपून घेतले गेले. मला एक प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. मी कोण, असे मी विचारले. "तू माझी लाडकी वाचक!" असे उत्तर आले. एका सदस्यांनी "वा" म्हटले. तेही टिपून घेतले गेले असल्यास ते वगळावे, ही विनंती.

१२. निर्णयपत्रातील वाक्य मी येथे जसेच्या तसे देत आहे. "दिवंगतांची इच्छा दशक्रिया विधीप्रसंगी काकस्पर्शाद्वारे निःसंदिग्धपणे प्रकट झाली असून मोठा जनसमुदाय त्यास साक्षी आहे. चित्रफितीवरून काकस्पर्श हा निर्मात्याच्या आश्वासनानंतर लगेच झाल्याचे दिसून येते. सबब संमती ग्राह्य धरण्यात येत आहे." यावर माझ्या हरकती अशा :

(अ) कावळ्याला कार्यक्रम बंद पडू देऊ नये का, एवढेच विचारले गेले होते. बिस्किटे, अ‍ॅप, फोनसेवा आणि बदललेले शेवट हे विषय त्याच्यापुढे ठेवले गेले नव्हते. त्यांवर त्याचे मत घेतलेले नाही.

(आ) कावळ्याचा शब्द वडिलांचा शब्द म्हणून धरायचा असेल, तर वडिलांनी जिवंतपणी, शुद्धीवर असताना, स्वतःच्या तोंडाने दिलेला नकार कुणाचा म्हणून धरायचा, हे निर्णयपत्रात नाही.

(इ) त्याच सकाळी त्याच घाटावर टाकळीच्या एका आजींचा दशक्रिया विधी होता. चित्रफितीत नीट पाहिल्यास आमच्याकडून उडालेला कावळा तिकडे जाऊन शिवलेला दिसतो. त्या आजींचीही वाहिनीला संमती आहे काय, आणि असल्यास त्यांच्या घरच्यांना तसे कळवले आहे काय?

(ई) श्री. रामहरी नलगे यांचा जबाब आपण पुरावा म्हणून घेतला आहे. ते माझे वडीलधारे आहेत. त्यांच्याविरुद्ध लिहिताना हात थांबतो. पण त्यांनी पुढे बोलावलेल्या माणसाने शब्द दिला आणि कावळा उतरला, हे त्यांच्या आयुष्यातले फार मोठे घडणे आहे. तो शब्द चुकीच्या माणसाकडून घेतला गेला, हे ते कसे कबूल करतील? मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पंकजा, कावळा काय येडा हुता का?" त्यांचा विश्वास खोटा नाही. त्याचा वापर ज्यांनी केला त्यांच्याविषयी माझी तक्रार आहे.

१३. आता तातडीचे कारण. श्रावणात वडिलांचे वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी वाहिनी विशेष भाग दाखवणार आहे. त्यात गुरुजी वारलेले नाहीत. ते पुस्तकांच्या देशात फिरायला गेले असून लवकरच परत येणार आहेत, असे त्यांचा आवाज मुलांना सांगणार आहे. या भागात आईने स्टुलाशेजारी बसून आवाजाला ओवाळावे, अशी श्री. वाकळे यांची मागणी आहे. त्यांनी फोनवर मला सांगितले, "ताई, टीव्हीवर गुरुजी आहेत ना अजून. मग काकूंच्या कपाळाला कुंकू नको का? मुलं गोंधळतात." फोन स्पीकरवर होता. आई समोर गहू निवडत बसली होती.

१४. गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते. वडील गेल्यावर आईने कुंकू पुसू नये, असे मीच तिला म्हटले होते. त्यावर आमचा वाद झाला होता. तिने तिचे खरे केले आणि मी ते मानले. लावावे की लावू नये, हे तिने ठरवायचे आहे. पण श्री. वाकळे यांचे ऐकून तिने सूप खाली ठेवले आणि मला विचारले, "ते गेले तवा येकदा पुसलं. आता ह्यांचं शूटिंग झालं की परत पुसायचं का?"

१५. मी बरेच वाचलेले आहे. माणसांनी माणसांशी केलेल्या नीच गोष्टी पुस्तकांतून पुष्कळ वाचल्या आहेत आणि वडिलांनीच त्या मला वाचायला दिल्या. या प्रश्नाइतकी किळस मला कुठे आलेली नाही. किळस प्रश्नाची नाही. तो विचारायची वेळ जिच्यावर आणली गेली, त्या व्यवस्थेची आहे, आणि त्या व्यवस्थेच्या कागदावर आपली सही आहे.

१६. या सगळ्याचा परिणाम गावात असा झाला आहे की आईकडे आता कुणी बसायला येत नाही. सुरुवातीला बायका येत, शेजारी बसत, रडत, वडिलांच्या आठवणी सांगत. आता येतात आणि आधी टीव्ही लावतात. "हायेत की गुरुजी, आत्ताच बोलले," असे म्हणून उठून जातात. माझ्या आईला नवरा वारल्याचे दुःख करण्याची सोय राहिलेली नाही. तिला ती हवी आहे. हा अर्ज त्यासाठी आहे.

१७. तरी माझी विनंती अशी :

(क) कावळ्याची संमती अमान्य करून वडिलांच्या आवाजाचा सर्व वापर बंद करण्याचा आदेश द्यावा.

(ख) तो देणे वेळखाऊ असल्यास वर्षश्राद्धाचा विशेष भाग तरी थांबवावा आणि आईच्या कपाळाविषयी वाहिनीने पुन्हा बोलू नये, असे कळवावे.

(ग) यांपैकी काहीही आपल्या अधिकारात बसत नसल्यास, आपल्या कार्यालयाने 'राधाकृष्ण नलगे हे वारले आहेत' एवढे एकच वाक्य सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. मृत्यूचा दाखला आमच्याकडे आहे, पण समितीपुढे गुरुजी स्वतः बोलले, असे म्हणत गाव आता आपले निर्णयपत्र दाखवते. वाक्यात आणखी काही घालू नये. सांत्वनपर मजकूर नको. मी ते दाराच्या आत, येणाऱ्या बायकांना दिसेल असे लावीन. त्यांनी टीव्हीकडे न जाता आईशेजारी बसावे, एवढ्यासाठी.

उत्तराची वाट पाहणारी,
एका वारलेल्या माणसाची मुलगी,

(सही)
पंकजा राधाकृष्ण नलगे

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) दशक्रिया विधीची चित्रफीत (कावळ्याचा पुढील प्रवास पाहण्यासाठी शेवटपर्यंत पाहावी).
३) तांड्याच्या गोष्टीचे शेवटचे पान, मूळ पुस्तकातून.
४) आईचा अंगठा. तिला सही येते. या निर्णयपत्रावर उत्तर द्यायला सही वाया घालवायची नाही, असे तिचे म्हणणे आहे.